मुरलंय वाटतं!

श्रोतेहो, नमस्कार.

माझी भाची शिकायला आमच्याकडे राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर तिनं चेहऱ्याला लावायचं क जीवनसत्त्वाचं सीरम आणलं. अंगठ्याएवढी बाटली, वर ड्रॉपर, आणि किंमत अशी की आमचा आठवड्याचा भाजीपाला आला असता. बाटली ठेवली कुठे, तर न्हाणीघराच्या खिडकीत, साबणाशेजारी. दोन महिन्यांत पाण्यासारखं सीरम बिनदुधाच्या चहासारखं दिसायला लागलं. मला म्हणते, "मावशी, मुरलंय वाटतं!"

लोणचं मुरतं. सीरम मरतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे राहवेना. सफरचंद चिरलं, निम्म्या फोडींना लिंबू चोळलं, निम्म्या तशाच ठेवल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. साध्या फोडी काळवंडल्या, लिंबाच्या पांढऱ्या राहिल्या. लिंबाच्या आंबटपणानं फोड काळी करणारं एन्झाइम मंदावतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनचा मार स्वतःवर घेतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते हेच. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत फ्री रॅडिकल तयार होतात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी पडलेले रेणू. ते शेजारच्याचा इलेक्ट्रॉन ओढतात, आणि या धुमाकुळात त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन तोडणारी एन्झाइम जागी होतात. क जीवनसत्त्व पुढे होऊन आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. देतं, म्हणजे खर्च होतं. खिडकीतल्या बाटलीत ते हवेवर आणि उजेडावर खर्च होऊन गेलं, चेहऱ्यासाठी उरलं काय?

मग ही सीरमं थोतांड का? नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वच, त्वचेत शिरायला द्रावणाचा पीएच (आकडा जितका कमी, तितकं द्रावण आंबट) साडेतीनच्या खाली लागतो, आणि 20 टक्क्यांच्या वर प्रमाण वाढवून काही फायदा नाही, हे त्यांनी दाखवलं. 2005 साली त्यांच्या गटानं 15 टक्के क जीवनसत्त्व, 1 टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल एकत्र केलं, तर क आणि ई मिळून उन्हापासून जे संरक्षण देत होते ते दुप्पट झालं. ई तेलात विरघळतं, पेशींच्या पडद्यात बसतं; ते खर्च झालं की क त्याला पुन्हा उभं करतं. फेरुलिक आम्ल तर आपण चाळून टाकतो त्या गव्हाच्या कोंड्यातही असतं.

पण म्हणून कुणी लिंबाची फोड चेहऱ्यावर घासू नका, हात जोडून सांगते. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि मागे राहणारे काळे डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. लिंबू फोडणीच्या पोह्यांवर पिळावं.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नॅम्बर नावाचं गाव आहे. तिथं 1992पासून साडेचार वर्षं 903 माणसांवर अभ्यास झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना वाटेल तेव्हा. शिवाय काहींना बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे गाजरातल्या केशरी रंगद्रव्याच्या गोळ्या, काहींना नुसत्याच दिसायला तशा गोळ्या. मग हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्वचेच्या रेघा तपासल्या. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा 24 टक्के कमी वयस्कर झालेली दिसली. गोळ्यांनी एकंदरीत काहीच फरक पडला नाही. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना याच बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढला. गाजर खा, भोपळा खा. पण "सुरकुत्या घालवणारी गोळी" दिसली की पाकीट खिशातच राहू द्या.

ऊन काय करतं याचा एक फोटो 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता. 69 वर्षांचा माणूस, 28 वर्षं ट्रक चालवलेला. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्याची डावी बाजू त्याच्याच उजव्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी! काचेतून अतिनील किरणांपैकी यूव्हीए किरणं आत येतात ना. आपल्याकडे खिडकीला उजवा गाल येतो, तेवढाच फरक. पुण्याच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून स्कूटी चालवतात, त्यांना लोक हसतात. मी हसत नाही.

रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाची मंडळी, यांचा पुरावा जुना आणि पक्का. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी मुरुमांसाठी वापरलेलं ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड उन्हानं सुरकुतलेल्या त्वचेवरही चालतं, हे 1986 साली मांडलं. मात्र सुरुवातीला त्वचा चुरचुरते, पापुद्रे निघतात. ते रात्री लावायचं, डॉक्टरांना विचारूनच, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

तेव्हा माझा हिशोब असा: पहिले पैसे सनस्क्रीनला आणि छत्रीला, उरले तर सीरमला. सीरम छोट्या, गडद काचेच्या बाटलीतलं घ्या आणि तपकिरी झालं की टाकून द्या.

भाचीची नवी बाटली आता माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात असते, अंधारात, हिंगाच्या डबीशेजारी. सीरमला हिंगाचा वास येतो अशी तिची तक्रार आहे. झाकण घट्ट लावत जा, असं मी तिला सांगितलंय.