आधी पट्टी, मग खांब

(दृश्य : खांबाला एरंडेल चोळणारे हात)

मल्लखांबाच्या सागवानी खांबाला एरंडेल लागतंय. वर बोंड, त्याखाली मान, मग खाली जाड होत गेलेलं अंग. तेल नसेल तर मांडीची कातडी सोलवटते.

(दृश्य : मुलांची रांग, सलामी, पहिल्या उड्या)

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हा व्यायाम पुन्हा उभा केला, असं मल्लखांबाचा इतिहास सांगतो. तेव्हा तो मुख्यतः पैलवानांचा होता. खांब म्हणजे समोरचा गडी. त्याच्यावर पकड बसवायची, मांडीत दाबायचा, त्याच्याभोवती फिरायचं. चढणाऱ्याची हाडं पक्की झालेली, अंग भरलेलं. आज रांगेत कोण उभं आहे बघा. बारा वर्षांची, चौदा वर्षांची पोरं. दोनशे वर्षांत खांबाचा आकार फारसा हललेला नाही, पण या पोरांचं माप दर दोन महिन्यांनी बदलतं.

(दृश्य : भिंतीवरची पट्टी, स्टूल, सरांची वही)

म्हणून या मैदानावर खांबाच्या आधी पट्टी. टाचा भिंतीला टेकवून उभ्याने उंची, मग स्टुलावर ताठ बसवून बैठी उंची. एकातून दुसरी वजा केली की पायांची लांबी समजते. वजाबाकी चौथीतली, पण सरांचा सगळा आठवडा तिच्यावर आखला जातो.

कारण या वयात शरीर सगळीकडून सारखं वाढत नाही. आधी हातपाय लांबतात, धड मागून येतं. वाढीचा हा जोर मुलींमध्ये साधारण ११-१२व्या वर्षी येतो, मुलांमध्ये १३-१४व्या. ऐन जोरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. ताकदीची मोठी झेप मात्र त्यानंतर सहा महिने ते वर्षभराने येते. तोवर लांबलेले पाय जुन्याच पोटाने आणि जुन्याच खांद्यांनी उचलायचे.

(दृश्य : उंच मुलगा, दसरंग, संथ गतीत)

दसरंग म्हणजे हातांनी खांब धरून, कंबर उचलून, पाय वर नेऊन खांबाला आवळायचे. हा तुकडा आम्ही मुद्दाम संथ केलाय. कंबर उचलली जाते, पाय उशिरा पोचतात, अढी, म्हणजे पायांची खांबावरची पकड, सैल बसते. घरी याला आळस म्हणतात. सरांच्या वहीत त्याच्या नावापुढे फक्त एक बाण आहे, वर जाणारा. बाण असेपर्यंत नवीन कौशल्य नाही, उंचावरून उडी मारून उतरणं नाही. अढी धरून ठेवायची, तोल सांभाळायचा, खालच्या पाटावरून गादीवर उतरायचं, गुडघे दुमडून, आवाज न करता.

(दृश्य : गुडघा, जवळून)

गुडघ्याखालचं हे टेंगूळ. मांडीचा स्नायू नडगीला जिथे धरतो तिथलं हाड अजून कोवळं असतं, आणि प्रत्येक उडीला तो तिथेच ओढ देतो. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बहुतेकांचं दुखणं वाढ पुरी झाली की थांबतं. रेटत राहिलं तर काहींचा खेळच सुटतो.

(दृश्य : तोच मुलगा, जोर-बैठका)

पण घरी बसवणं हा उपाय नव्हे. मोठेपणी हाडांत जेवढी खनिजं असतात, त्यांतली जवळजवळ पाव वाढीच्या या जोराच्या आसपासच्या दोन वर्षांत भरतात, आणि ती नीट भरायला हाडांवर भार पडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते, ती याच मुलांसाठी.

(दृश्य : दोन मुलं शेजारी उभी)

दोघंही तेराचे. एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्याशी. शालेय स्पर्धेत दोघंही १४ वर्षांखालील गटात. अर्जावर जन्मतारीख लागते. वाढ कुठवर आली, हे विचारणारा रकाना नाही. निदान सरावात तरी तो असायला काय हरकत आहे?

(दृश्य : दोरीचा मल्लखांब, मुली)

दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरून या वर सरकतात. मुलींची पहिली पाळी बहुधा उंचीचा जोर ओसरू लागल्यावर येते. नितंब रुंदावतात, तोलाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि याच वयात कितीतरी मैदानं मुलींवाचून रिकामी होतात. इथे शिकवायला बाई आहेत. पाळीच्या दिवसांत काय करायचं ते मुलगीच ठरवते, कारण सांगावं लागत नाही. कुणी गादीवर आसनं करते. ही निळ्या पोशाखातली चढलीच आहे.