जोडी लावून द्या

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या वापरलेले चपला-बूट दान करण्याबद्दल. मार्च २०१८ मधला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतोय ना? नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेली माणसं. सोललेले तळवे, अंगठे तुटलेल्या चपला, काही पाय तर अनवाणीच. मुंबईकरांनी तेव्हा पाणी, बिस्किटं आणली, चपलाही आणून दिल्या.

पायात काही नसणं म्हणजे नुसते चटके नव्हेत. ओल्या, घाण मातीतल्या हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्यात बसून रक्त पितात. मूल फिकट, मरगळलेलं दिसतं. आणि कोकणातला लाल विंचू? महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्याच्या दंशावरच्या उपचारांत हयात घालवली. पण दंशच टाळायचा तर पायात काहीतरी हवं.

इकडे आपल्या कपाटात धूळ खात पडलेले स्पोर्ट्स शूज. मुंबईत श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंच्या लक्षात आलं की बूट वरून फाटतो, पण सोल ठणठणीत असतो. त्या सोलच्या त्यांनी चपला करायला घेतल्या, ‘ग्रीनसोल’ ही कंपनी उभी राहिली, आणि त्या चपला शाळेतल्या मुलांच्या पायांत गेल्या.

आता थोडं कडू बोलते. दान म्हणून येणाऱ्या पोत्यांत एकच बूट असतो, लग्नातली उंच टाचांची सँडल असते. ऊसतोडीच्या फडात ती घालून कोण उभं राहणार? जोडी नाडीनं एकत्र बांधा, नंबर चिठ्ठीवर लिहा. उसवलं असेल तर कोपऱ्यावरच्या कारागिराकडून दोन टाके घालून घ्या. त्यालाही चार पैसे मिळतील. मधुमेहानं किंवा कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्यांना मात्र कुणाचे वापरलेले बूट देऊ नका. दुसऱ्याच्या पायाच्या आकाराचा बूट घासतो, जखम होते आणि कळतही नाही. त्यांच्यासाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला मिळतात, त्या नव्याच घ्या.

सोसायटीत गोळा करणार असाल तर आधी ज्या शाळेला देणार तिथे फोन करून मुलांच्या चपलांचे नंबर विचारा. आणि हे काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊसही येतो, आणि पोत्यात बांधून ठेवलेल्या चामड्याच्या बुटांना आठवड्यात बुरशी धरते.