ह्रास्तोव्ल्येच्या भिंतीवरची रांग

श्रोतेहो, नमस्कार.

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, एड्रियाटिक समुद्राच्या जवळच, ह्रास्तोव्ल्ये नावाचं एक चिमुकलं खेडं आहे. गावालगतच्या टेकाडावर पवित्र त्रैक्याचं जुनं दगडी चर्च आहे आणि भोवती किल्ल्यासारखा तट. उस्मानी तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने सोळाव्या शतकात हा तट बांधला गेला. चर्च एवढंसं, पण आत पाऊल टाकलं की भिंती आणि छत चित्रांनी भरून गेलेलं दिसतं. कास्तावच्या यानेझ या चित्रकाराने 1490 मध्ये हे काम पुरं केलं. काही मजकूर लॅटिनमध्ये, तर काही ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीत आहे.

यातलं ‘मृत्यूचं नृत्य’ सर्वांत गाजलं. एका भिंतीवर माणसांची लांब रांग निघाली आहे आणि प्रत्येकाच्या सोबतीला एकेक सांगाडा आहे. पोप, राजा, राणी, कार्डिनल, बिशप, मठातला साधू... कुणाचीच सुटका नाही. रांगेत कुबड्या घेतलेला भिकारी आहे, पाळण्यातून उठलेलं लेकरूही आहे. रांग जाते ती सिंहासनावर बसलेल्या मृत्यूकडे. त्याच्यापुढे थडगं उघडंच आहे.

याच रांगेतल्या धनिकाकडे जरा नीट बघा. त्याचा हात थैलीत गेलाय. मृत्यूलाही चार पैसे चारता आले तर बघावं, अशी त्याची धडपड! सांगाडा काही ऐकत नाही. ज्या काळी राजासमोर मान वर करायची सोय नव्हती, त्या काळी अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांना राव-रंक एकाच ओळीत उभे दिसत होते, तेही चर्चच्याच भिंतीवर. मला यात चित्रकाराचं धाडस दिसतं, आणि गावकऱ्यांविषयीचा जिव्हाळाही.

पुढे ही चित्रं गिलाव्याखाली गेली आणि विस्मरणात पडली. 1949 मध्ये शिल्पकार योझे पोहलेन यांना ती सापडली, मग गिलावा काढून ती पुन्हा उजेडात आणली गेली.

कधी जवळच्या त्रिएस्ते किंवा कोपेर या शहरांकडे जाणं झालंच, तर वाट थोडी वाकडी करून इथे जरूर जा. मात्र सांगाडे पाहून लगेच बाहेर पडू नका. मान वर करा. छतावर वर्षाचे बारा महिने रंगवले आहेत आणि त्या-त्या महिन्याची कामं करणारी माणसंही.