आल्फ्रेदोची कात्री

मंडळी, 'सिनेमा पारादिसो' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे, तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. सिसिलीतलं गाव, महायुद्धात बाप गमावलेला तोतो, थिएटरचा ऑपरेटर आल्फ्रेदो आणि शेवटी तोतोला मिळणारं, कापलेली चुंबनं जोडून केलेलं ते रीळ. आल्फ्रेदोच्या कात्रीनं आणखी एक गोष्ट कापली होती आणि ती त्या रिळात नाही, एवढं मला आज सांगायचंय. पण मी हा सिनेमा कसा पाहिला ते आधी ऐका, कारण माझं मत तिथूनच आलं आहे.

मी कॉलेजात होतो, नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीनं प्रिंट मिळवली होती. हॉल नऊपर्यंत घेतलेला, आणि प्रिंट पोचली साडेसहाला! प्रोजेक्टर एकच. त्यामुळे दर रीळ संपलं की अंधारात थांबायचं, ऑपरेटर पुढचं चढवणार, मग पुन्हा सुरू. कुणी जागचं हललं नाही. पाद्रीबाबा रिकाम्या थिएटरात बसून घंटी वाजवतात, घंटी वाजली की आल्फ्रेदो रिळात कागदाची चिठ्ठी खोचतो आणि नंतर तेवढं चुंबन कापून काढतो, हे पाहताना सगळा हॉल हसत होता. आग लागली तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी माझा हात धरला होता.

आगीवरून एक सांगून टाकतो. त्या काळची फिल्म नायट्रेटची. जळताना ती स्वतःच ऑक्सिजन सोडते, म्हणून पाण्यात बुडवली तरी विझत नाही. आल्फ्रेदोचे डोळे जातात ते त्यामुळे. आणि हे काही सिसिलीपुरतं नव्हे. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात, जिथे प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, नायट्रेटच्या फिल्मांचं कोठार जळालं. ज्यांनी आयुष्यभर डबे जपले त्यांच्यावर त्या दिवशी काय गुदरलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

असो. तर हॉलमध्ये नऊ वाजून दहा मिनिटं झाली. तोतो आता मोठा दिग्दर्शक साल्वातोरे झालाय, तीस वर्षांनी आल्फ्रेदोच्या अंत्ययात्रेसाठी गावी परतलाय. रीळ संपलं, आणि दिवे लागले. हॉलची वेळ संपली होती. आमचे सेक्रेटरी हात जोडत होते, "वीसच मिनिटं द्या हो, एकच रीळ उरलंय." व्यवस्थापक ऐकेनात. ऑपरेटर शेवटच्या रिळाचा डबा पोटाशी धरून केबिनच्या दारात उभा होता, तो मला अजून दिसतो. आम्ही जिना उतरलो. खाली कुणीतरी म्हणालं, "शेवटी त्याला एक डबा मिळतो म्हणे." त्यात काय असतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या न उघडलेल्या डब्यासकट मी दहा-बारा वर्षं काढली. मला त्याचा राग आहे, आणि तो मी मुद्दाम शिल्लक ठेवला आहे. सिनेमा मध्येच तोडणं म्हणजे माणसाच्या तोंडचं वाक्य काढून घेणं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. हरकत नाही, फक्त आज दिवे लावू नका.

पुढे मला जी डीव्हीडी मिळाली ती 2002 ची आवृत्ती, जवळजवळ तीन तासांची. 1988 मध्ये इटलीत जो सिनेमा लागला तो 155 मिनिटांचा. तो चालला नाही. मग कापून 124 मिनिटांचा केला. कान चित्रपट महोत्सवात ज्यूरीचं विशेष पारितोषिक मिळालं, ऑस्कर मिळालं आणि जगानं त्यावर प्रेम केलं ते या कापलेल्या सिनेमाला. तुम्ही पाहिलात तो बहुधा हाच.

लांब आवृत्तीत साल्वातोरेला एलेना, त्याची तरुणपणची प्रेयसी, पुन्हा भेटते आणि कळतं ते असं. ताटातूट व्हायची त्या दिवशी ती आली होती, उशिरा, पण केबिनपर्यंत आली होती. तिला परत पाठवलं आल्फ्रेदोनं. हे प्रेम राहिलं तर पोरगा गावातच अडकेल, असं त्याला वाटलं. तिनं तिथेच एका कागदामागे निरोप लिहून ठेवला होता. तो साल्वातोरेला सापडतो तीस वर्षांनी, पडक्या केबिनमध्ये.

आता बघा. पाद्रीबाबांची कात्री उघड होती. घंटी वाजायची, आणि चुंबन गायब झालं की सगळं गाव ओरडायचं, शिट्ट्या मारायचं. आल्फ्रेदोनं जे कापलं, त्यावर कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. 124 मिनिटांच्या सिनेमात तर तुम्हाआम्हालाही कळत नाही. तिथे आल्फ्रेदो निव्वळ देवमाणूस राहतो.

वेळ नाही, थोडक्यात सांगतो. लहानपणी तोतोनं कापलेले तुकडे मागितले तेव्हा आल्फ्रेदो म्हणाला होता की ते तुझेच, पण सांभाळणार मी. तो शब्द त्यानं पाळला. मी शेवट पहिल्यांदा पाहिला तो एलेनाची गोष्ट कळल्यानंतर, आणि त्या चुंबनांमागून चुंबनांत मी तिला शोधत होतो. ती कशी असणार? आंधळ्या म्हाताऱ्याला जे परत देता येण्यासारखं होतं ते सगळं त्यानं एकाला एक जोडून ठेवलं होतं. मला त्याच्याबद्दल पूर्वीपेक्षा जास्त माया वाटते ती यामुळे. म्हणून माझा आग्रह आहे की लांब आवृत्ती पाहाच.

आणि एक पाहा. शेवटी रोमच्या त्या प्रोजेक्शन हॉलमध्ये साल्वातोरे एकटा बसलाय आणि मागे केबिनमध्ये रीळ चढवणारा एक ऑपरेटर दिसतो. चेहरा नीट बघा, तो ज्युसेप्पे तोर्नातोरे आहे, या सिनेमाचा दिग्दर्शक.