एरेबस : जहाजाचे नाव ल्यालेला पर्वत

श्रोतेहो, नमस्कार. अंटार्क्टिकाच्या काठाशी असलेल्या रॉस बेटावर एरेबस नावाचा ३,७९४ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी आहे. चहूकडे बर्फ असूनही त्याच्या मुखात लाव्हारसाचे तळे वर्षानुवर्षे धगधगत असते. ग्रीक पुराणांत एरेबस म्हणजे आदिम अंधार. त्यामुळे जिथे हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवत नाही, तिथल्या पर्वतासाठी हे नाव कोणीतरी मुद्दाम शोधून काढले असावे, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात ते आले एका जहाजावरून.

ब्रिटिश नौदलाचे कप्तान जेम्स क्लार्क रॉस हे 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन पृथ्वीच्या दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या शोधात निघाले होते. जानेवारी १८४१ मध्ये धूर आणि ज्वाळा ओकणारा हा पर्वत त्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या जहाजाचे नाव दिले आणि शेजारच्या निद्रिस्त पर्वताला दुसऱ्या जहाजाचे. पुढे हिमालयातील वनस्पतींच्या अभ्यासामुळे भारतात परिचित झालेले जोसेफ हूकर तेव्हा 'एरेबस'वर साहाय्यक शल्यवैद्य होते.

खरी गंमत आहे ती जहाजांच्या नावांत. ही दोन्ही जहाजे मुळात उखळी तोफा वाहून नेण्यासाठी बांधलेली होती. तोफ डागताना बसणारा हादरा सोसावा म्हणून त्यांची बांधणी विलक्षण भक्कम केलेली होती, आणि तीच पुढे बर्फाशी टक्कर देताना कामी आली. अशा जहाजांना शत्रूला धडकी भरवणारी नावे देत असत, आणि त्यांत व्हेसुव्हियस, एटना, हेक्ला अशी ज्वालामुखींची नावेही होती. स्वतः रॉस तरुणपणी आर्क्टिकमध्ये 'हेक्ला' जहाजावरूनच गेले होते. ज्वालामुखींची नावे मिरवणाऱ्या जहाजांच्या या गोतावळ्यातील एका जहाजाने अशा रीतीने एका ज्वालामुखीला आपले नाव दिले.

एरेबसच्या माथ्यावर माणूस पोहोचला तो मार्च १९०८ मध्ये, शॅकल्टन यांच्या मोहिमेच्या वेळी. जहाजे मात्र त्याच्या कितीतरी आधी नाहीशी झाली होती. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ती घेऊन आर्क्टिकमध्ये गेले. जहाजे बर्फात अडकली आणि १२९ जणांपैकी एकही परतला नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील समुद्रात 'एरेबस'चे अवशेष २०१४ मध्ये सापडले, तर 'टेरर'चे २०१६ मध्ये. आणि ज्या उपसागराच्या तळाशी 'टेरर' सापडले, त्याचे नाव कित्येक दशके आधीपासूनच टेरर उपसागर असे होते.