शेल्फ कुठे रिकामं होतं?

दुकानातलं एक शेल्फ. पट्टीवर वस्तूचं नाव आहे, माल नाही. बहुतेक वेळा ग्राहक शेजारचा ब्रँड उचलतो आणि पुढे जातो. पण काही वस्तूंना असा पर्याय नसतो.

फेब्रुवारी २०२२. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या स्टर्जिस इथला ‘अ‍ॅबट’ कंपनीचा बेबी फॉर्म्युलाचा, म्हणजे बाळांच्या दुधाच्या पावडरीचा, कारखाना जिवाणूंच्या संसर्गाच्या संशयावरून बंद झाला. देशातलं बहुतेक उत्पादन मोजक्या कंपन्यांच्या हाती होतं. दुकानांनी एका ग्राहकाला किती डबे द्यायचे, यावर मर्यादा घातल्या. मे महिन्यात जर्मनीहून लष्करी विमानानं पावडर आणावी लागली. पहिल्या खेपेत होती ती गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठीची. त्या आईवडिलांना दुसरा डबा उचलून चालणारच नव्हतं.

‘आमचे दोन पुरवठादार आहेत,’ असं खरेदी विभाग निर्धास्तपणे सांगतो. त्या दोघांच्या मागे जाऊन पाहायला हवं. कधी दोघांच्या बाटल्यांची झाकणं एकाच कारखान्यातून येतात, कधी दोघांचे कंटेनर एकाच मार्गानं. मार्च २०२१मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज सहा दिवस सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा शेकडो जहाजं खोळंबली. पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे शोधणं किचकट आणि वेळखाऊ आहे. तरीही पहिला खर्च इथेच व्हायला हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

मग राखीव साठा. तो सरसकट वाढवला, तर पैसा गोदामात अडकतो आणि हंगामी कपडे तिथेच जुने होतात. बाळाच्या पावडरीचा हिशेब वेगळा. माल सरासरी ३० दिवसांत येतो, एवढं कळून भागत नाही. तो कधी २५ दिवसांत, कधी ५० दिवसांत येत असेल, तर साठा त्या चढउताराकडे पाहून ठरवावा लागतो.

आणि तुटवड्यात घबराट भर घालते. समजा, दुकानाला शंभर नग हवेत. ते दीडशे मागवतं, गोदाम दोनशे, आणि कारखान्यापर्यंत मागणी पोचते तीनशेची. काही आठवड्यांनी तोच माल पडून राहतो. काउंटरवर बारकोड स्कॅन झाल्याची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या नियोजकाला दिसली, तर तीनशेतले खरे शंभर कोणते, हे त्याला कच्चा माल मागवण्याआधीच कळतं.