एक इंजेक्शन, दोन कॅमेरे: दुहेरी कॉन्ट्रास्ट डाय नक्की कसा काम करतो?

नमस्कार मंडळी! आधी एक करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा. हे बघा, माझं बोट कसं लालेलाल दिसतंय. आता हाच टॉर्च दंडाला लावते... काहीच नाही, उजेड आत गेला आणि आतच विरला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात कोणाचा सीटी स्कॅन झाला असेल तर "डाय टाकून करायचाय" हे ऐकलंच असेल. सीटीचा डाय म्हणजे आयोडीन, ते एक्स-रे अडवतं म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. एमआरआयला गॅडोलिनियम देतात, पण तिथे गॅडोलिनियम स्वतः दिसतच नाही, त्याचे 7 एकटे इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या पाण्यातल्या हायड्रोजनवर परिणाम करतात आणि ते पाणी उजळ दिसायला लागतं.

मग दोन मशीनचे डाय एकमेकांना चिकटवून एकच इंजेक्शन का देत नाहीत? मलाही आधी हे सोपं वाटायचं. खरी अडचण आहे ती मात्रेची. पेट स्कॅनला (किरणोत्सारी औषध टोचून ते शरीरात कुठे जमतं ते दाखवणारा स्कॅन) जेवढं औषध पुरतं ते एमआरआयच्या डायपेक्षा लाखो पटींनी कमी असतं, त्यामुळे जोडी करून पेटच्या मापाने दिली तर एमआरआयला काही दिसत नाही आणि एमआरआयच्या मापाने दिली तर पेशींवरच्या ज्या मोजक्या जागा शोधायच्यात त्या सगळ्या भरून जातात आणि उरलेलं औषध नुसतं फिरत राहतं. म्हणून जोडी जमवायची तर दोघांचंही थोडक्यात भागलं पाहिजे!

अशी जमलेली जोडी, जी माणसांमध्ये वापरलीये, ती आम्सटरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधली, आणि मला ती फार आवडते. कॅन्सर पसरायला लागला की आधी जवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे शरीरातला पाझर गाळणाऱ्या छोट्या गाठींमध्ये जातो, त्या पहिल्या गाठीला सेंटिनल नोड म्हणतात. तेवढी एक काढून तपासली आणि ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या सहसा काढाव्या लागत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यावर हाताला येणारी सूज ज्यांनी घरात पाहिलीये त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

तर आम्सटरडॅमच्या त्या टीमने काय केलं, अल्ब्युमिन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण घेतले, त्यावर टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य बसवलं आणि त्यात आयसीजी मिसळलं. आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, अमेरिकेत 1959 पासून मान्यता असलेला हिरवा रंग, आणि तो अल्ब्युमिनला आपसूकच चिकटतो, वेगळी केमिस्ट्री करावी लागत नाही. नुसतं आयसीजी टोचलं तर ते पहिल्या गाठीत थांबत नाही, पुढच्या गाठींकडे पळतं, कणांवर बसलं की तिथेच अडकून राहतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही हे टोचता येतं. टेक्निशियमचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात म्हणून स्कॅनवर गाठ कुठल्या बाजूला, किती खोल ते कळतं. दर 6 तासांनी ते निम्मं होतं, म्हणजे 18 तासांनी आठवा हिस्सा उरतो, पण गॅमा प्रोबला, म्हणजे गॅमा किरण ओळखून आवाज करणाऱ्या कांडीला, तेवढं पुरतं, तो गाठीजवळ नेला की आवाज वाढतो. नेमकी कुठली गाठ हे मात्र त्या आवाजावरून दर वेळी कळत नाही, तिथे आयसीजी कामाला येतं. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात ती गाठ चमकताना दिसते, पण वर साधारण सेंटीमीटरभराहून जाड मांस असेल तर नाही, टॉर्च आठवला ना? म्हणून खोलात गॅमा आणि जवळ गेल्यावर उजेड.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर किती होतात ते सांगायला नको. जिभेखालच्या कॅन्सरभोवती इंजेक्शन दिलं आणि सेंटिनल नोड अगदी शेजारीच असेल तर इंजेक्शनच्या जागेचेच गॅमा किरण इतके जोरात असतात की प्रोबला ती गाठ वेगळी ऐकूच येत नाही, तेव्हा सर्जन स्क्रीनकडे बघतात आणि उघडलेल्या मानेत ती गाठ चमकत असते.